आज सराव नाही

५ सप्टेंबर, गुरुवार

श्री स्वामी समर्थ. नव्या घरातलं हे पहिलं पान. गुरुवारीच उंबरठा ओलांडला, यापेक्षा चांगलं काय हवं!

इगतपुरीला इतकी वर्षं काढली, तिथे पावसाळाभर कपडे शेगडीवर धरून वाळवायचे आणि पिठाच्या डब्याला बुरशी यायची. इथे सकाळी अंगणात दोरी बांधली नि दुपारी यांची खाकी पँट कडक वाळून तयार. गंगापूर रोड सोडून नदीकडे उतरणारी गल्ली आहे, तिच्या टोकाला ही बैठी घरं. वर सिमेंटचे पत्रे आहेत, पण भाडं परवडण्यासारखं. मागच्या दाराला लागून भागीबाईचं झेंडूचं शेत, आणि शेताच्या पलीकडे गोदामाय. मागचं दार उघडलं की नुसतं पिवळं-केशरी दिसतं. देव्हारा मी पूर्वेच्या कोनाड्यात मांडला. कोनाडा जणू त्यासाठीच केला होता.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवं अंग गेलंय आणि जीभ जड झालीय. शब्द तोंडात लोळतात, बाहेरच्याला काही कळत नाही, मला सगळं कळतं. टोमणे तर जास्तच कळतात. त्यांची कॉट खिडकीशी लावून दिली, म्हटलं नदी दिसेल. तर म्हणाल्या, बरं झालं, नदी जवळच हाय, मी मेल्यावर तुझं गाडीभाडं वाचंल. हे एवढे हसले की हातातला खिळा खाली पडला.

यांची बदली ड्रायव्हर म्हणूनच झालीय, पण ऑफिस नवीन. पूर, वादळ, आग असलं काही आलं तर सरकारने काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवणारं ऑफिस. खर्च मी या वहीत मागून लिहीत येईन, पुढची पानं माझी.

१२ सप्टेंबर

यांच्या साहेबांनी एक चक्रीवादळ तयार केलंय. म्हणजे कागदावर. ते अरबी समुद्रातून येणार, घाट चढताना इतर वादळांसारखं विरून न जाता तसंच वर येणार, इगतपुरीकडे आभाळ फाटणार, धरणं आधीच काठोकाठ भरलेली, मग सगळं पाणी आपल्या नदीला. त्या दिवशी कोणी कुठे जायचं, बोट कुठून निघायची, कोणी कोणाला फोन करायचा, ते सगळं टेबलावर नकाशा पसरून ठरवतात म्हणे. हे सांगताना हसतात, पण मला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. पावसाळ्याआधी आपण नाही का सरपण भरून ठेवत? सरकारने तसंच केलं तर बिघडलं कुठे!

२४ तारखेला, मंगळवारी, त्याची रंगीत तालीम आहे आणि त्यात आमच्या गल्लीतल्या बायाही हव्या आहेत. रंगीत तालीम म्हटल्यावर मला वाटलं, नाटकच. भागीबाई म्हणाली, रंगीत म्हंजे शिनेमावानी का वं छायाताई? मग लुगडं नवं नेसावं लागंल. मी पण मोतिया रंगाची साडी इस्त्रीला काढली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

तालीम झाली. नाटक वगैरे काही नव्हतं. वरच्या रस्त्याच्या शाळेत सगळ्यांना गोळा केलं. भागीबाईला "जखमी" केलं आणि पायाला पट्टी बांधली. ती सारखी ओरडत होती, अरे बाबांनो, गुडघा या पायाचा दुखतो, बांधायचंच हाय तर त्याला बांधा. बचावपथकाचे जवानसुद्धा हसायला लागले.

माझ्या हातात एक फोन आणि एक कार्ड दिलं. कार्डावर होतं तसं कंट्रोल रूमला फोन करून बोलायचं: घरात पाणी शिरलंय, म्हातारी सासू अंथरुणाला खिळलेली आहे, बोट पाठवा. फक्त बोलायच्या आधी तीनदा "सराव, सराव, सराव" असं म्हणायचं. म्हणजे पलीकडच्याला कळतं की हे खोटं आहे. तो त्यांचा पक्का नियम आहे.

आणि मीच घोटाळा केला. फोन कानाला लावला की माझ्या तोंडून आधी श्री स्वामी समर्थ निघतं, कित्येक वर्षांची जिभेची सवय. ते निघालं, आणि सराव म्हणायचं राहूनच गेलं. वर पत्ताही घाबरून आपल्याच घराचा सांगितला. पलीकडच्यांना खरंच वाटलं. बोट घेऊन गाडी सुटली ती थेट आमच्या दारात. आत्या घरात एकट्या. केशरी जॅकेट घातलेले सहा जण आत आलेले बघून त्यांनी डाव्या हाताने तांब्या फेकला. माझी तिरडी आणली का रे मुडद्यांनो, असं म्हणाले, हे त्यांनीच मला मग सांगितलं; तिथे ते कोणाला कळणार.

मला वाटलं, साहेब रागावतील. ते तर टाळ्या वाजवायला लागले. म्हणाले, या बाईंसारखं खरं कोणी बोललंच नाही. एक स्टीलचा डबा बक्षीस दिला. झाकण चांगलं घट्ट बसतं.

आत्या मात्र संध्याकाळी जेवल्या नाहीत. पितृपक्षात असलं अभद्र तोंडातून काढू नये, म्हणाल्या. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. मी त्यांच्यापुढे कान धरले, तेव्हा दोन घास घेतले.

२८ सप्टेंबर

हे सांगत होते की माझा तो फोन रेकॉर्ड झालाय. नवी भरती झालेल्या पोरांना शिकवायला तोच ऐकवतात. शिवाय रोज सकाळी लाइन तपासायला तोच लावतात. कंट्रोल रूमचा फोन वाजतो, उचलला की माझा आवाज, श्री स्वामी समर्थ. की ड्यूटीवरचा माणूस म्हणतो, स्वामी समर्थ आले, लाइन चालू. आणि ठेवून देतो.

मला एकीकडून लाज वाटली, एकीकडून बरंही वाटलं. दहावीपर्यंत शिकलेल्या बाईचा आवाज सरकारी ऑफिसात रोज स्वामींचं नाव घेतोय. यांनी मोबाईलवर मला ऐकवलं. आपलाच आवाज परक्यासारखा वाटतो. त्यात मी म्हणते, कॉटच्या पायाला पाणी लागलं. हे वाक्य कार्डावर होतं का, मला आठवेना. हे म्हणाले, तू भरात आलीस की बोलतच सुटतेस.

१ ऑक्टोबर

आज कंट्रोल रूममधून साक्षी नावाच्या मुलीचा फोन आला. गोड मुलगी आहे, काकू काकू करते. तिने विचारलं, काकू, तुम्ही बोलत होता तेव्हा मागे कोण होतं? मी म्हटलं, शाळेचा हॉल होता, बाया होत्या. ती म्हणाली, नाही, एक म्हातारं माणूस आहे. तुम्हाला नावाने हाक मारतंय. तिने फोन रेकॉर्डिंगजवळ धरला.

छाये, असं कोणीतरी म्हणालं.

तो आत्यांचा आवाज होता. आत्या शाळेत नव्हत्या. त्या घरी कॉटवर होत्या. आणि आवाज लोळणारा नव्हता, जड नव्हता. माझ्या लग्नात होता तसा स्वच्छ होता.

मी साक्षीचा फोन ठेवला. देवापुढे बसून तारक मंत्र म्हटला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसवला. भागीबाईने शेतातली माती आणि पहिल्या माळेची फुलं दिली, पैसे घेतले नाहीत. अखंड दिवा लावला. आता दसऱ्यापर्यंत घट हलवायचा नाही, दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही. दिव्यात तेल बघायचं काम आत्यांनी आपल्याकडे घेतलंय. कॉटवरून दर थोड्या वेळाने विचारतात, दिवा बघ गं. मी म्हणते, तेवतोय आत्या. तेवढाच त्यांचा जीव रमतो.

मन शांत करायला हे सगळं केलं आणि संध्याकाळी यांनी हसत हसत सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये तू म्हणतेस, पाणी घटापर्यंत आलं.

मी यांना हळू विचारलं, तालमीच्या दिवशी घट कुठे होता? तेव्हा तर पितृपक्ष होता. हे हसायचे थांबले. म्हणाले, कोणीतरी मस्करी करत असेल, हल्ली मोबाईलवर काहीही जोडतात. पण जेवताना माझ्याकडे बघत नव्हते.

५ ऑक्टोबर

आज ऑफिसात गेले. भागीबाईला आत्यांजवळ बसवलं आणि बसने गेले. साहेबांना म्हटलं, तेवढं माझं रेकॉर्डिंग पुसून टाका. त्यांनी चहा मागवला, मला खुर्ची दिली, वहिनी म्हणाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, वहिनी, आता ते पुसता येणार नाही, ते सरकारी रेकॉर्ड झालं. उलट बाकीच्या जिल्ह्यांनीही मागवलंय. तुमचा अभिमान बाळगा.

मी म्हटलं, त्यात मी न बोललेलं येतंय. ते समजुतीने हसले, आपण लहान मुलाला हसतो तसे. इतक्या चांगल्या माणसाशी भांडता येत नाही. चहा गोड होता. मी तो पिऊन परत आले.

दारातून निघताना एका टेबलावर फोन वाजला. उचलणाऱ्याने ऐकलं, शेजारच्याला म्हणाला, स्वामी समर्थ आले, आणि ठेवला. शेजारचा म्हणाला, पण सकाळी तर लाइन तपासली होती.

६ ऑक्टोबर

समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे म्हणे. टीव्हीवर बोट फिरवून दाखवत होते. साहेबांच्या कागदावर होता तोच रस्ता. हे उठून अगदी टीव्हीजवळ गेले. मी म्हटलं, हेच ना ते? म्हणाले, बंद कर तो टीव्ही.

साक्षीला मी फोन केला. म्हटलं, बाळा, मला शेवटापर्यंत सांग, त्यात काय आहे. ती आधी नाही नाही म्हणत होती. मग रडवेली होऊन म्हणाली, काकू, रोज थोडं थोडं वाढतंय. मधे खूप खरखर आहे. मग ते म्हातारं माणूस म्हणतं, छाये, दिवा बघ. एकदा नाही, परत परत. तुम्ही खूप वेळ बोलत नाही. मग म्हणता, तेवतोय आत्या. आणि परत म्हणायला जाता, तेव— आणि तिथे कट होतं.

एवढंच? एवढंच, म्हणाली. त्यानंतर फक्त पाण्याचा आवाज आहे.

मी स्वतःला समजावलं. दिवा तेवतोय असं मी म्हणते आहे ना, म्हणजे दिवा चालू असेल. म्हणजे स्वामी तिथे असतील.

७ ऑक्टोबर

विचार केला, घटच नसला तर पाणी घटाला लागणार कसं? आत्यांना डुलकी लागल्यावर घट उचलायला गेले. हात लावला मात्र, त्या जाग्या झाल्या. असा आक्रोश केला की भागीबाई धावत आली. दसऱ्याआधी घट उठवतेस, माझ्या लेकाच्या, भारताच्या मुळावर उठतेस का, म्हणाल्या. दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. मी नाक घासलं, घट होता तिथेच ठेवला. मातीतले धान्याचे कोंब चांगले वर आलेत. पिवळे, नाजूक.

यांना म्हटलं, आपण आत्यांना घेऊन वर शाळेत जाऊ. हे म्हणाले, वादळ अजून समुद्रात आहे. आणि आई येईल का? घट सोडून?

आत्यांना विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

८ ऑक्टोबर

वारा. भागीबाईचा झेंडू आडवा झाला. यांना साहेबांबरोबर इगतपुरीकडे जायचं आहे, घाटात दरड कोसळलीय. निघताना म्हणाले, उद्या दुपारपर्यंत येतो, जीप आणतो, आईला घटासकट उचलून नेऊ, तिला म्हणावं, देवच गाडीत बसवू. मी म्हटलं, नक्की? म्हणाले, नक्की.

माझं एक ठरलंय. काही झालं तरी मी कंट्रोल रूमला फोन करणार नाही. मी बोललेच नाही तर ते रेकॉर्डिंग होणारच नाही. नाही झालं, तर त्यातलं काहीच होणार नाही.

९ ऑक्टोबर, सातवी माळ

सकाळ. लाईट गेली. भोंगा वाजतोय. गल्लीतले काही निघाले, काही म्हणतात परत तालीम असेल. भागीबाई शेरडं घेऊन वर गेली. जाताना म्हणाली, जावयाला ट्रॅक्टर घेऊन धाडते, म्हातारीला उचलू, तुम्ही जागच्या हलू नका छायाताई.

यांचा फोन लागत नाही.

दुपार. ट्रॅक्टर आला नाही. गल्लीच्या तोंडाशी नाल्याचं पाणी आडवं वाहतंय, तिथून कोण येणार. मागचं दार उघडलं तर शेत नाही. झेंडूची फुलं नुसती तरंगत तरंगत दारापाशी आलीत. एवढी फुलं.

आत्यांना एकटीने उचलून बघितलं. कॉटच्या काठापर्यंत आणलं, पुढे जमेना. त्या म्हणाल्या, जाऊ दे पोरी, कंबर मोडंल तुझी. कधी पोरी म्हणाल्या नव्हत्या.

फोन करणार नाही.

संध्याकाळ. पाणी आत आलं. आवाज न करता आलं. कॉटच्या पायांखाली विटा सरकवल्या. बाहेर हाका मारल्या. पावसात माझा आवाज मलाच ऐकू येईना. शेजारची घरं रिकामी.

फोन करणार नाही.

कॉटच्या पायाला पाणी लागलं. आता विटांच्याही वर.

स्वामी, काय करू? फोन केला तर ते खरं होतं. नाही केला तर कोणी येणारच नाही. आत्या थंडीने कापताहेत, माझा हात धरलाय. डावा हात, किती जोर आहे त्यात अजून.

केला.

मनाशी घोकत होते, आधी नाव घ्यायचं नाही, सरळ सांगायचं, हे खरं आहे. पलीकडे उचललं आणि— माझी जीभ. श्री स्वामी समर्थ. तेच निघालं. पलीकडे कोणी नवा माणूस होता, साक्षी नव्हती. मागे खूप फोन वाजत होते. तो म्हणाला, अहो ताई, आज नको, आज खरंच गडबड आहे. मी ओरडले, सराव नाही, हा सराव नाही. तो शेजारच्याला म्हणाला, हे पण त्यात आहे ना रे?

ठेवून दिला.

परत लावला. परत तेच, स्वामी समर्थ आले. ठेवला.

परत लावला. या वेळी उचलून तसाच टेबलावर ठेवलाय वाटतं. चालू आहे. त्यांच्या बोलण्याचा आवाज येतोय, कोणी कोणाला बोट दुसरीकडे पाठवायला सांगतंय. मी पत्ता सांगतेय, सांगतेय. कोणी ऐकत नाही. रेकॉर्ड होत असेल. तेवढं होतच असेल.

मी कॉटवर आत्यांच्या उशाशी बसलेय. मोबाईल ट्रंकेवर उभा ठेवलाय, त्याच्याच उजेडात लिहितेय. घटापर्यंत आलं. कोंब पाण्यावर हलताहेत.

दिवा—

दिवा विझलाय. कधीचा विझला. मी फोनवर होते तेव्हा विझला असेल. कोनाडा काळा आहे. साक्षी, दिवा विझलेला आहे गं, मग मी तसं का—

आत्यांचं तोंड देव्हाऱ्याकडे नाही, माझ्याकडे आहे. त्यांना तो कोनाडा दिसत नाही.

छाये.

किती स्वच्छ बोलल्या. झटका आल्यापासून पहिल्यांदा. छाये, दिवा बघ.

बोलणार नाही. मी बोलले नाही तर तिथे संपणार नाही. ओठ दाबून धरलेत. म्हणून लिहितेय, हातांना काम—

परत विचारलं. पाणी त्यांच्या पाठीला लागलंय. हात सोडत नाहीत.

छाये, दिवा बघ गं.

घाबरल्यात. माझ्याकडे कशा बघताहेत, लहान मुलासारख्या. नाही म्हणू? विझला म्हणू? या वेळी? शेवटी तेवढंच तर विचारताहेत, आणि मी गप्प बसू?

सांगितलं. तेवतोय आत्या.

हसल्या. डोळे मिटले. आणि परत, एकदाच, हळू—

हो आत्या. तेव